लढाई सरते तेव्हा देवरीत

डोळे उघडा. काळोख आहे, पण घाबरू नका, तुम्ही देवरीतच आहात. फक्त साल १९४५ आहे. पायाखाली महामार्ग नाही. नागपूरहून रायपूरला जाणारी ग्रेट ईस्टर्न रोड आहे, म्हणजे ऑगस्टात नुसता मुरूम आणि चिखल, आणि तुमची चप्पल त्यात रुतली आहे. काढून हातात घ्या. इथे बहुतेक सगळे अनवाणीच चालतात. कुणी जिल्हा विचारला तर भंडारा सांगा, कारण गोंदिया जिल्हा व्हायला अजून चोपन्न वर्षं आहेत.

आता नाकाने घ्या. ओली माती, शेण, धुमसती गोवरी आणि कुठूनतरी येणारा मोहाच्या दारूचा आंबूस वास. झोपडीत मिणमिणतोय तो दिवा मातीच्या तेलाचा नाही. जपानने बर्मा घेतल्यापासून तिथलं तेल तुटलं. आता मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं तेल जळतं, त्याने डोळे चुरचुरतात आणि छपराची बांबूची काडी न् काडी काळी होते. कापड कंट्रोलचं आणि तेही वेळेवर नाही, म्हणून समोरच्या बाईच्या लुगड्याला लुगड्याहून जास्त ठिगळं आहेत.

चौकीतल्या घड्याळात पावणेसहा वाजलेत, तरी उजाडायला तासभर आहे. लढाईपायी सरकारने देशभरची घड्याळं एक तास पुढे सरकवली आहेत. कोंबडे अजून जुन्या वेळेनेच आरवतात. आज ६ ऑगस्ट. इथे पावणेसहा म्हणजे हिरोशिमात सव्वाआठ. तिकडे या क्षणी काय झालं ते अख्ख्या देवरीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे. ती बाई चुलीवर पेज ठेवते, लेकराच्या अंगावरून सरकलेलं फडकं नीट करते आणि बाहेर येऊन तुम्हाला न्याहाळते.

"कोठचे जी तुमी?"

काहीतरी गाव सांगा. ती जास्त विचारणार नाही, कारण तिला माणसं हवी आहेत. रोवणा ऐन भरात आहे. उजाडल्यावर तुम्ही बांधीत उतरलेले असाल, गुडघाभर गार चिखल, पोटरीला जळू, हातात पऱ्ह्यांची जुडी. शेजारच्या बाया वाकून सपासप रोवत मागे सरकतात आणि तुमची ओळ वाकडी जाते म्हणून खिदळतात. पाठ मोडते. दुपारी सर येते तेव्हा ढगांच्या गडगडाटाने तुम्ही एकटेच दचकता.

तिचा थोरला लेक पलटणीत आहे. कामठीला भरती झाला, बर्म्यात लढून आला आणि आता रजेवर घरी आहे. त्याच्या मनीऑर्डरीवरच घर चाललंय. अशी घरं या सडकेच्या दोन्ही अंगांना आहेत.

दोन दिवसांत आषाढाची अवस येते, जिवतीचा सण. दाराला लिंबाच्या डहाळ्या, लोहार चौकटीत खिळा ठोकून जातो, भिंतीवर जिवतीचा कागद चिकटतो. आई पोरांना ओळीने बसवून ओवाळते, आणि थोरल्यालाही, मिशा फुटलेल्या, बर्म्याच्या तापाने पिवळ्या पडलेल्या त्या जवानाला, धाकट्यांच्या रांगेत बसवते. तो लाजतो. पुरणाचा वास घरभर आहे. त्या वर्षी ही अवस दोन अणुबॉम्बच्या मधेच आली. हिरोशिमा होऊन गेलं होतं, नागासाकी व्हायचं होतं. पोरं जगावीत म्हणून हात जोडणाऱ्या बायांनी हे गाव भरलेलं असताना तुम्ही मधल्या त्या दिवसांत उभे आहात आणि तुम्हाला काहीही थांबवता येत नाही. पुरणपोळी घशाखाली उतरत नसेल तर मला समजतं.

पुढे बातमी येते ती सडकेनेच. बाजाराचा दिवस, मोटार अड्ड्यावर ही गर्दी. वास्त्यांचे, म्हणजे बांबूच्या कोंबांचे ढीग, टोपलीत मातकट सात्या, म्हणजे रानअळंबी, सुक्या झिंग्यांचा दर्प, भोकाचा पैसा करगोट्यात ओवून मिरवणारी पोरं. लॉरी येते ती पेट्रोलवर नाही, पाठीला बांधलेल्या भट्टीत कोळसा जाळून त्याच्या गॅसवर. चढावर धापा टाकते, जवळ उभं राहिलं की गालाला धग लागते. तिच्यातून शिळं वर्तमानपत्र उतरतं आणि कुणीतरी मोठ्याने वाचतं. जपान शरण आला.

"लढाई सरली का जी?" ती बाई तुमचा हात घट्ट धरते. "मंग आता माहा पोरगा जात नाही ना?"

जवान मात्र बॉम्बबद्दल बोलतो. बरं झालं टाकला, म्हणतो. पुढची उतरण मलायाच्या किनाऱ्यावर होती, नावेतून उतरायचं आणि समोरून मशिनगन. जपानी शरण येत नाही, त्याने डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही होतात का तिथे?

नव्हतात. त्याची भीती खरी आहे आणि तिच्यापुढे मान झुकवलीच पाहिजे. पण तुम्ही पुढचं वाचून आलेले आहात, तेव्हा गप्प राहू नका. सांगा त्याला की जपानची जहाजं बुडाली होती, तेल संपलं होतं, शहरं आधीच जळाली होती. युद्धानंतर अमेरिकेच्याच सरकारी पाहणीने १९४६ मध्ये लिहिलं, की बॉम्ब नसता तरी वर्ष सरायच्या आत जपान शरण आला असता. हे नंतरचं शहाणपण, असं तो म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे, कारण नागासाकीनंतरही तोक्योच्या युद्धमंडळात निम्मे लोक लढायचंच म्हणत होते. तरीही माझं मत ठाम आहे. नांदत्या शहरावर तो टाकायची गरज नव्हती, आणि दुसऱ्याला तर कसलीच सबब नाही. पहिल्याने काय केलं हे शत्रूला नीट कळायलाही तीनच दिवस दिले. वर्ष संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत ७०,००० च्या आसपास माणसं गेली. त्यांतली कितीतरी लेकरं शाळेच्या वयाची होती.

जवान ऐकून घेतो. उत्तर देत नाही, बिडी पेटवतो.

तेवढ्यात नागपूरकडची लॉरी भोंगा वाजवते आणि तो ट्रंक उचलतो. आई गोंधळते. लढाई तर सरली! पण रजा संपली आहे आणि हुकूम बदललेला नाही. मलायावरची ती उतरण रद्द झालीच नाही. ९ सप्टेंबरला हिंदी पलटणी मोरिबच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा समोर लढणारं कुणी नव्हतं, फक्त त्यांच्या गाड्या एकामागून एक वाळूचिखलात रुतत गेल्या.

लॉरी चालू होईना. ड्रायव्हर ओरडतोय, खाली उतरा, धक्का मारा. तुम्हीही लावा खांदा.