खंजिरी, व्हॉल्व्ह आणि मधला स्पीकर

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सभांची जुनी छायाचित्रे पाहताना आपली नजर खंजिरीवर खिळते. समोरच्या मायक्रोफोनकडे सहसा कोणी पाहत नाही. त्या मायक्रोफोनची वायर मंचाखाली किंवा मंडपाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या एका लोखंडी पेटीत जाते, आणि ती पेटी तर छायाचित्रात नसतेच. पेटीत काचेचे चार-सहा व्हॉल्व्ह लाल-पिवळे तेवत असतात. माझा हा लेख त्या पेटीविषयी आहे. वऱ्हाडातल्या भजनांचा, प्रार्थनांचा, सभांचा इतिहास लिहिला गेला. ज्या यंत्राने तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेला, त्याच्या वाट्याला मात्र मंडपवाल्याच्या बिलातली एक ओळ आली.

1935 साली महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, तिवसा तालुक्यातले हे गाव. दुसऱ्याच वर्षी, 1936 मध्ये, अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने ‘सिक्स-एल-सिक्स’ हा व्हॉल्व्ह बाजारात आणला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. कारण सिक्स-एल-सिक्स आणि त्याच्या भाईबंदांमुळेच एका माणसाचा आवाज हजारोंच्या मैदानावर पोहोचवणे स्वस्त आणि भरवशाचे झाले. आणि त्याच काळात वऱ्हाडातला एक माणूस खंजिरी हातात घेऊन हजारोंशी बोलू लागला होता.

मागचा धागा थोडक्यात सांगतो. फ्लेमिंगने 1904 मध्ये दोन अग्रांचा व्हॉल्व्ह केला. ली डी फॉरेस्टने 1906 मध्ये त्यात तारेची एक जाळी घातली. तापलेल्या तंतूकडून पत्र्याकडे निघालेल्या इलेक्ट्रॉनांच्या वाटेत ही जाळी बसते. जाळीवरचा दाब किंचित बदलला की पत्र्याकडचा प्रवाह बराच बदलतो. एखाद्या पोराने चाकावर हात ठेवून पाटाचे दार कमी-जास्त करावे, तसे. बळ पाण्याचे, हुकूम पोराचा. आवाज ‘वाढतो’ म्हणतात तो असा. जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी 1915 मध्ये कॅलिफोर्नियात भोंगा लोकांपुढे आणला, आणि 1919 मध्ये अध्यक्ष विल्सन सॅन दिएगोच्या मैदानावर त्यातून बोलले. आपल्याकडे हे काम मोटवानी घराण्याने केले. 1909 साली सिंधमधल्या सक्करला सुरू झालेली त्यांची पेढी पुढे मुंबईला आली. नानिक मोटवानींनी 1930 च्या दशकापासून काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवले. गांधी-नेहरूंच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते, ती त्यांची. शिकागो शहराशी त्या पाटीचा संबंध नावापुरताच.

वऱ्हाडातली अडचण वेगळी होती, ती विजेची. व्हॉल्व्हच्या पत्र्याला 300-400 व्होल्ट लागतात, आणि खेड्यात असे ती मोटारीची बॅटरी. मग बॅटरीचा सरळ प्रवाह ‘व्हायब्रेटर’ने तुकडे तुकडे करून ट्रान्सफॉर्मरमधून चढवायचा. व्हायब्रेटर स्वतःच भुंग्यासारखा घूं-घूं करतो, तंतू तापवण्यातच बॅटरी निम्मी रिकामी होते, आणि भजन रंगात येते तेव्हा भोंगा धापा टाकू लागतो. ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर आला तेव्हा खेड्यातल्या लाउडस्पीकरवाल्याने व्हॉल्व्ह एका हंगामात टाकला असेल तर त्यात नवल नाही. नादमाधुर्याचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. बॅटरी रात्रभर टिकली पाहिजे, हा होता. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने फिलिप्सच्या सहकार्याने व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली ती 1961 मध्ये, म्हणजे त्या वस्तूची उतरती कळा जगभर लागत असताना.

याच सुमारास व्हॉल्व्हचे दुसरे आयुष्य घरात सुरू झाले होते. इंग्लंडच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात 1947 मध्ये विल्यमसनने आपल्या अँप्लिफायरचा आराखडा छापला. 1950 च्या दशकात मुलार्ड कंपनीने हौशी माणसाला घरी जुळवता येतील असे आराखडे दिले. त्यांतला ‘पाच-वीस’ म्हणजे पाच व्हॉल्व्ह, वीस वॅट. त्याचेच दोन नग, डावा आणि उजवा, मी जुळवले. त्यातला खरा जीव आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. ईएल-34 च्या जोडीला सुमारे 6,600 ओहमचा भार हवा, स्पीकर असतो 8 ओहमचा. भागाकाराचे वर्गमूळ काढले की फेऱ्यांचे प्रमाण साधारण 29 ला 1 येते. मोटारींचे वाइंडिंग करणारा कुशल कारागीर हे गुंडाळू शकतो, फक्त थर एकाआड एक घालायला त्याला पटवावे लागते. ‘साहेब, पंप तर चालवायचा नाही ना?’ हा त्याचा प्रश्न रास्त असतो. भोंग्यासाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर इथे उपयोगाचा नाही. त्याला लांब वायरीवर 100 व्होल्टने आवाज ढकलायचा असतो, आणि भोंगा मुळातच मधले सूर तेवढे फेकतो. खंजिरीच्या चकत्यांची किणकिण त्यातून अर्धीमुर्धी जाते. कातड्यावरची थाप जवळजवळ जातच नाही.

हा घरगुती अँप्लिफायर आजच्या होम थिएटरला जोडणे कठीण नाही, पण त्यात तीन ठिकाणी पाहावे लागते. रिसीव्हरला पुढच्या दोन वाहिन्यांचे ‘प्री-आउट’ असले पाहिजे. तिथून संकेत व्हॉल्व्हकडे न्यायचा, आणि मधला व मागचे स्पीकर रिसीव्हरकडेच ठेवायचे. पाच-वीसला पूर्ण आवाजासाठी पाव व्होल्टही लागत नाही आणि रिसीव्हर त्याहून बराच जास्त देतो. म्हणून वाटेत एक पोटेन्शिओमीटर घालून पाचही स्पीकर एका पातळीवर आणायचे. दुसरे ठिकाण अर्थिंगचे. रिसीव्हर, टीव्ही, डिशची केबल आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला भेटले की 50 हर्ट्झची गुणगुण सुरू होते. काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून ती थांबवतात. 400 व्होल्टच्या पेटीशी हा खेळ करू नये. संकेताच्या वायरीत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चालू करू नये.

तिसरे ठिकाण मात्र इतिहासाचे आहे, आणि माझा सगळा खटाटोप त्यासाठीच होता. महाराजांच्या आवाजातली जी ध्वनिमुद्रणे आज ऐकायला मिळतात, ती एकाच वाहिनीची. डावीकडे आणि उजवीकडे तोच आवाज. डॉल्बीने 1987 मध्ये घरासाठी ‘प्रो लॉजिक’ आणले, तेव्हा त्याचा नियम सिनेमाच्या संवादांसाठी ठरला: दोन्हीकडे जे सारखे, ते मधल्या स्पीकरला द्यायचे. त्यामुळे रिसीव्हर असल्या रीतीवर ठेवून भजन लावले, तर सगळा आवाज टीव्हीखालच्या त्या आडव्या पेटीतून येतो. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह तेवत राहतात आणि त्यांच्याकडे काहीच पोहोचत नाही. 1942 च्या चळवळीत ज्या आवाजाची धास्ती घेऊन सरकारने महाराजांना नागपूर-रायपूरच्या तुरुंगांत ठेवले, तो आवाज सिनेमातला संवाद समजून यंत्राने बाजूला काढलेला असतो. त्यावर ‘हॉल’ किंवा ‘स्टेडियम’चा कृत्रिम घुमाराही चढवता येतो. तो मला अजिबात पटत नाही. सामुदायिक प्रार्थना उघड्या मैदानावर होते, तिथे भिंतीच नाहीत.

महाराजांचे देहावसान 11 ऑक्टोबर 1968 रोजी झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी गुरुकुंजात मौन श्रद्धांजली होते. लाखांचा समुदाय उभा असतो आणि एकही भोंगा बोलत नाही. लाउडस्पीकरच्या इतिहासात ही वेळही धरली पाहिजे, कारण यंत्राची खरी परीक्षा शांततेत होते. भजन चालू असताना गुणगुण झाकली जाते. थांबले की उघडी पडते.

दिवाणखान्यातल्या जोडणीची परीक्षाही मी तशीच घेतो. रिसीव्हर साध्या ‘स्टीरिओ’वर ठेवायचा, काही न लावता आवाज नेहमीच्या पातळीवर न्यायचा, आणि स्पीकरपासून हातभर अंतरावर कान द्यायचा. काही ऐकू आले नाही, तर ध्वनिमुद्रण लावायचे. मधला स्पीकर गप्प असतो. आवाज दोन पेट्यांच्या मध्ये, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथे उभा राहतो, आणि चकत्यांच्या आधी कातड्यावरची थाप येते.