कापणीला कोणीही यावं

१९६८ च्या मे महिन्यात क्लातेनला उतरायचं तर पहाटेच उतरा. आज कुणाच्या खाचरात कापणी आहे ही बातमी इथं कोंबडा आरवायच्या आत पसरते. उशीर केलात तर बांधावर पाय ठेवायलाही जागा मिळायची नाही.

योग्यकर्ता आणि सोलो या जावाच्या दोन जुन्या राजधान्यांच्या मधला हा मुलूख. पश्चिमेला मेरापी, माथ्यावर धूर. त्याच्या राखेनं काळी झालेली माती आणि चोक्रोच्या झऱ्यांचं बारमाही पाणी, म्हणून देलांगूच्या बाजूचा तांदूळ साऱ्या जावात नावाजलेला. सपाट भातशेतीत मधेच बांबू आणि माडांचं एक बेट दिसतं, तेच गाव. आत शिरा. विणलेल्या बांबूच्या भिंती, वर कौलं, खाली मातीची जमीन. प्रत्येक घरामागे केळी, फणस, कसावा यांची गर्दी. मोकळं म्हणावं असं वीतभरही काही नाही. गस्तीच्या चौकीला पोकळ लाकडाचा कनतोंगान टांगलेला. चोर, आग, मयत, प्रत्येकाचा ठोका वेगळा.

एका दारातून हाक येते, ‘मोंगो!’ म्हणजे या. त्या घरची आजी तुमच्याकडे नीट बघून घेते आणि हातात एक चिमुकलं पातं ठेवते. लाकडाच्या पातळ फळीच्या कडेला बसवलेलं पोलादी पातं, मधून आडवी गेलेली बांबूची काडी. ही आनी-आनी. मूठ वळलीत की दिसेनाशी होते. भातात देवी स्रीचा वास असतो. उघडं हत्यार पाहून ती बिचकेल, म्हणून पातं तळहातात लपवायचं. ‘आधी पाया पडून झालंय,’ आजी सांगते. काल या शेतात विविताचा विधी झाला. भात, कोंबडी, अंडी आणि मिरचीची चटणी बांधावर वाढली, पहिल्या लोंब्या कापून नवरा-नवरीसारख्या जोडीनं बांधल्या आणि घरी नेल्या.

शेत सव्वा एकराचं. जावात एवढी जमीन असणारा सुखवस्तूच. पीक रोजोलेलेचं: छातीपर्यंत उंच, लांब कुसांचं, पाच महिन्यांहून अधिक घेणारं. सगळ्या लोंब्या एकदम पिकत नाहीत, उंचीही सारखी नाही. म्हणून एकेक लोंबी बोटानं ओढायची, पात्यावर टेकवायची, खट्. तुमच्या दहा लोंब्या होईतो शेजारच्या बाईची पेंढी होते. हसतील, हसू द्या.

आता मान वर करून बघा. एवढ्याशा शेतात शंभरावर बायका. सुना, नाती, शेजारणी, पलीकडच्या गावातून चालत आलेल्या, पाठीवर मूल बांधलेल्या. यांना कुणी बोलावलेलं नाही आणि मालकाला कुणाला नाही म्हणता येत नाही. दुपारी पेंढ्या त्याच्या अंगणात जातात. मालकीण खाली बसून वाटा काढते, तो बावोन. नात्यातलीला पाचवा-सहावा, परकीला दहावा-बारावा. आपल्याकडे बलुतेदार खळ्यावर यायचे तसंच, फक्त इथं हक्काला जात लागत नाही, हात लागतात. मालकिणीची नजर मात्र तराजूहून कडक. आवडत्या बाईची पेंढी जरा जाड, नावडतीची बारीक, आणि तोंडानं सगळं अतिशय सभ्य, थोरांशी बोलायच्या क्रामो भाषेत.

हे पाहून गहिवरू नका. महिनाभरापूर्वी याच बायका वाळवलेला कसावा उकडून दिवस काढत होत्या. १९६६ साली इंडोनेशियात महागाई सहाशे टक्क्यांच्या वर गेली होती. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९६३ च्या पुस्तकात जावाच्या खेड्याला वाटून घेतलेल्या गरिबीचं खेडं म्हटलं. मला ते अर्धंच पटतं. वाटली जायची ती कापणी. जमीन कुणी वाटत नव्हतं.

जमीन वाटून मागणारेही होते. परतताना एक बंद घर दिसेल, अंगणात गवत माजलेलं. आजीला त्याबद्दल विचारू नका, ती ऐकू न आल्यासारखं करील. १९६० साली जमीनवाटपाचे आणि कुळाच्या वाट्याचे कायदे झाले. ते कागदावरच राहिले म्हणून १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या शेतकरी संघटनेनं स्वतःच जमिनींवर पाय रोवायला सुरुवात केली, आणि त्यात क्लातेन आघाडीवर होतं. ऑक्टोबर १९६५ नंतर कम्युनिस्टांना संपवायला सैन्य आलं. देशभरात किमान पाच लाख माणसं मारली गेली असं सर्वसाधारणपणे मानतात. गावात त्यानंतर कुणी मोठ्यानं हक्काची भाषा बोलत नाही.

रात्री वायांग, म्हणजे सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ, असला तर थांबा. पडद्यामागच्या दिव्यात पांडव येतील, पण लोक हसतील ते सेमार आणि त्याच्या पोरांना. महाभारत पाठ असूनही हा गलेलठ्ठ सेवक तुम्हाला ओळखता येणार नाही. तो जावाचा.

आता सहा वर्षं पुढे या, त्याच बांधावर, १९७४. रोजोलेले नाही. कमरेएवढं बुटकं, दाट, एका पातळीत उभं पीक. फिलिपिन्समधून आलेलं आयआर-८ आणि त्याच घराण्यातली वाणं. आयआर-८ चा एक पूर्वज ‘पेटा’ जावातलाच, म्हणून इथं त्याला पीबी-८ म्हणजे नवा पेटा हे नाव दिलं. साधारण चार-सव्वाचार महिन्यांत तयार, वर्षाला दोन पिकं, उतारा कितीतरी जास्त. सरकारी योजनेतून बी, युरिया, औषध, कर्ज. लुराह, म्हणजे गावचा मुखिया, सांगेल ते पेरायचं. चव? आजी नाक मुरडते.

दाणे लवकर झडतात, म्हणून लोंबी-लोंबी कापत बसणं परवडत नाही. पीक आधीच विकलंय. उभं पीक दलालाला विकायचं, त्याला तेबासान म्हणतात. दलाल बाहेरगावचे पंधरा-वीस गडी आणतो, हातात विळे, शेजारी ताणकाटा. शंभर बायकांपैकी आता कोणी नाही. आजी बांधावर टोपली घेऊन बसली आहे, पडलेल्या लोंब्या वेचायला मिळतील म्हणून. घरामागचा लेसुंगही गप्प आहे. रोज पहाटे त्यात मुसळं घालून कांडायच्या बायकांना त्याचा तांदूळ मिळायचा. ते काम रस्त्यावरची गिरणी आता मिनिटांत करते.

दोष विळ्याला देऊ नका. शेतमालकानंही हिशेब चुकवलेला नाही. शंभर जणींना वाटा देण्यापेक्षा दलालाला पीक देणं स्वस्त, आणि स्वतःच्या दारातून शेजारणीला परत पाठवायची लाजही नाही. हे दुसऱ्या कुठल्या दशकात घडलं असतं तर बायकांनी बांध अडवला असता. इथं अडवायला शिकवणारी संघटना नऊ वर्षांपूर्वीच संपवली होती.

पुढची वर्षं भराभर पाहून घ्या. १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण ठरला. १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंनी रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसमोर भाषण केलं. १९८६ मध्ये तपकिरी तुडतुड्यांनी मध्य जावातली शेतं जाळल्यासारखी केली, कारण फवारण्यांनी तुडतुडे खाणारे कोळीच मरून गेले होते. त्याच वर्षी सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

आज क्लातेनला गेलात तर बाजारात रोजोलेले परत मिळेल. देशाच्या अणुऊर्जा संस्थेनं किरणोत्सर्गानं त्याची उंची आणि मुदत कमी केली. हे बुटकं वाण साधारण चार महिन्यांत येतं, आणि त्याच्या कापणीला बिनबोलावता कोणी येत नाही.