बोर्रा गुहा

बोर्रा गुहा (तेलुगू: बोर्रा गुहलु) ही आंध्र प्रदेश राज्यातील अल्लुरी सीताराम राजू जिल्ह्यात, अरकू खोऱ्याच्या वाटेवर असलेली नैसर्गिक चुनखडक गुहा आहे. पूर्व घाटातील अनंतगिरी डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर ती वसलेली आहे. सुमारे ८० मीटर खोलीपर्यंत जाणारी ही गुहा भारतातील खोल गुहांपैकी एक मानली जाते. पायऱ्या, कठडे व विद्युत रोषणाई असलेल्या पायवाटेवरून पर्यटकांना ती आतून पाहता येते. परिसरातील जमिनीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या ‘समता’ निकालामुळे बोर्राचे नाव भारताच्या घटनात्मक इतिहासातही नोंदले गेले आहे.

नाव व आख्यायिका

‘बोर्रा’ म्हणजे भोक किंवा विवर. स्थानिक आख्यायिकेनुसार, चरणारी एक गाय छतावरील विवरातून आत पडली. तिच्या शोधात उतरलेल्या गुराख्याला शिवलिंगासारखा पाषाण दिसला. त्या जागी आजही पूजा होते व महाशिवरात्रीला यात्रा भरते. गुहेशी निगडित असलेल्या गोस्तनी नदीचे नावही गाईशीच संबंधित आहे. ही नदी पुढे भीमुनिपट्टणमजवळ बंगालच्या उपसागराला मिळते.

१८०७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या विल्यम किंग यांनी गुहेचा शोध लावला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु ही संस्थाच मुळी १८५१ मध्ये स्थापन झाली, त्यामुळे हा तपशील जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. डोंगरात राहणाऱ्या आदिवासींना गुहा आधीपासून परिचित होती, हे आख्यायिकेवरूनही सूचित होते.

निर्मिती

पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी बनते. ते खडकाच्या भेगांतून झिरपताना चुनखडक विरघळवते आणि सहस्रावधी वर्षांत भेगांची दालने होतात. छतातून ठिबकणाऱ्या थेंबातील कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पाण्यात विरघळलेले कॅल्साइट मागे साचते. छतापासून खाली लोंबणारे ते अधोमुखी लवणस्तंभ व जमिनीवरून वर वाढणारे ते ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ होत. दोन्ही एकमेकांस मिळाले की अखंड स्तंभ तयार होतो. ही वाढ अतिशय संथ असते. माणसाच्या एका आयुष्यात तिच्यात डोळ्यांना जाणवेल असा फरक सहसा पडत नाही.

पायवाट व संवर्धन

प्रशस्त प्रवेशद्वारातून पायऱ्या खाली उतरतात. सुरुवातीच्या भागात नैसर्गिक उजेड पोहोचतो. पुढे दिव्यांच्या प्रकाशात स्तंभांचे आकार दिसतात. शिवलिंग, ऋषी, मगर, मानवी मेंदू अशी नावे त्यांना मिळाली आहेत. वाटाड्यांचे काम मुख्यतः परिसरातील रहिवासी करतात.

पायवाटेमुळे पर्यटकांची सोय होते, तसेच त्यांचा वावर ठरावीक मर्यादेत राहतो. हाताच्या स्पर्शाने स्तंभावर तेलकट थर बसतो आणि तेथे कॅल्साइट साचण्यास अडथळा येतो. दिव्यांच्या प्रकाशामुळे ओलसर भिंतींवर शेवाळ वाढते, तर माणसांच्या श्वासामुळे आतील हवेचे तापमान व कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बदलते. एकदा मोडलेला लवणस्तंभ पूर्ववत होण्यास हजारो वर्षे लागू शकतात.

समता निकाल

बोर्रा परिसर पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे जटापू, पोर्जा, कोंडा दोरा इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती आहे. ज्या कॅल्साइटमुळे गुहेतील स्तंभ घडले, त्याच खनिजाला उद्योगांकडून मागणी असते. परिसरातील जमिनी बिगर-आदिवासींना खाणकामासाठी भाडेपट्ट्याने दिल्या गेल्यावर ‘समता’ या संस्थेने त्यास न्यायालयात आव्हान दिले. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ११ जुलै १९९७ रोजी २ विरुद्ध १ अशा बहुमताने निर्णय दिला, की अनुसूचित क्षेत्रातील शासकीय जमीनही खाणकामासाठी बिगर-आदिवासींना किंवा खासगी कंपन्यांना देता येणार नाही. आदिवासींच्या सहकारी संस्था व शासकीय उपक्रम यांना वाव ठेवून, नफ्यातील किमान २० टक्के रक्कम स्थानिकांच्या विकासासाठी राखून ठेवण्याचे तत्त्वही त्यात मांडले गेले.

महाराष्ट्राशी तुलना

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुके बोर्राप्रमाणेच डोंगराळ, आदिवासीबहुल आणि पाचव्या अनुसूचीत समाविष्ट आहेत. तेथे मुख्यतः वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाज राहतात. भूरचना मात्र सर्वस्वी भिन्न आहे. जव्हार-मोखाड्याचा प्रदेश सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाचा आहे. बेसाल्ट पाण्यात चुनखडकासारखा विरघळत नाही. म्हणून भरपूर पाऊस पडूनही तेथे लवणस्तंभांच्या गुहा घडल्या नाहीत. कान्हेरी, कार्ले, अजिंठा व वेरूळ येथील लेणी याच बेसाल्टमध्ये मानवाने कोरलेली आहेत. महाराष्ट्रातील चुनखडकाचे मोठे साठे चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत आहेत आणि त्यांचा उपयोग प्रामुख्याने सिमेंट उद्योगासाठी होतो.

कसे जावे

विशाखापट्टणमपासून गुहा सुमारे ९० किलोमीटर अंतरावर असून एका दिवसात जाऊन परत येता येते. बैलाडिलाचे लोहखनिज बंदरापर्यंत नेण्यासाठी उभारलेल्या कोत्तवलसा–किरंदुल लोहमार्गावर ‘बोर्रा गुहलु’ हे स्थानक आहे. या मार्गावर अनेक बोगदे व पूल लागतात. २०१७ पासून येथे काचेच्या छताचे डबेही धावू लागले. पावसाळ्यात आतील पायऱ्या निसरड्या होत असल्याने पकड असलेली पादत्राणे वापरावीत.