पुसला जाणारा चेहरा

दिवाळी सरली की आमच्या सिंधुदुर्गात गावोगाव जत्रा सुरू होतात आणि रात्रीच्या दशावताराला गर्दी जमते. मालवणी माणूस याला धयकालो म्हणतो. मोहल्ल्यातली आम्ही मुलंही गोणपाट घेऊन पुढची जागा धरायचो. माझा डोळा मात्र आडोशाला बसलेल्या नटांवर असे. पेटाऱ्यावर आरसा टेकवून जो तो आपला चेहरा आपणच रंगवी. राक्षसाच्या लाल रंगावर काजळाची जाड भुवई चढली की शेजारच्या गावचा ओळखीचा माणूस पार नाहीसा होई. फक्त संकासुराला रंग लागत नाही. त्याचा काळा बुरखा आणि लोंबणारी लाल जीभच पुरे!

जपानमध्ये काबुकी नाटकातल्या अशा रंगरेषांना कुमादोरी म्हणतात. पहिल्या इचिकावा दान्जुरोने १६७३ साली ही पद्धत रंगमंचावर आणली, असे मानतात. लाल रेषा शूराच्या, निळ्या दुष्टाच्या. खेळ संपल्यावर नट चेहऱ्यावर कापड दाबून रंगाचा ठसा घेतात आणि रसिक तो जपून ठेवतात. पुढे योशितोशी मोरी (१८९८–१९९२) या कलावंताने काबुकीतले नट कागदावर छापले. हा मुळात कापड रंगवणारा कारागीर. चिवट कागद कोरून साचा करायचा आणि मोकळ्या जागेतून रंग द्यायचा, ही कापडावरची युक्ती त्याने चित्राला लावली.

आपल्याकडे चित्रकार नव्हते असे नाही. सावंतवाडीच्या गोल गंजिफांवर, १२० पानांत, दहाही अवतार आहेत. (गंजिफा हा शब्द फारसी, त्यावर चित्रे विष्णूची, मला याची फार गंमत वाटते.) पिंगुळीच्या ठाकरांनी चित्रकथीच्या पोथ्या सांभाळल्या, परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पण ही चित्रे देवादिकांची. रंग लावून बसलेला दशावतारी नट त्यांत नाही.

त्याची संहिताही लिहिलेली नसते. संवाद उभ्या उभ्या सुचतात. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असे त्याच्याबद्दल म्हणतात. उजाडता दहीहंडी फुटते, खोबरेल तेलाने चेहरा पुसला जातो आणि शब्दांबरोबर रंगही जातो. आता मोबाइलवर फोटो निघतात, पण बोटाचा दाब, रेषेची जाडी फोटोत कुठे उतरते?

म्हणून मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, आरोलकर अशा नावाजलेल्या मंडळांतल्या जुन्या नटांना माझी विनंती आहे. येत्या जत्रेत तेलाला हात लावण्याआधी चेहऱ्यावर एकदा पांढरा पंचा दाबून पाहा. पंचे मी घेऊन येतो.