दिनविशेष : ३१ जुलै – दामोदर कोसंबी यांचा जन्म

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. ते गणिती होते, पण इतिहासाच्या शोधात ते रानावनातून पायी हिंडले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

ताम्रपट आणि पोथ्यांइतकाच भक्कम पुरावा वेशीवरच्या शेंदरी दगडात, धनगरांच्या वाटांवर, जत्रेच्या रिवाजात असतो, हे त्यांनी 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) या ग्रंथात दाखवले. गोव्याच्या जुन्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातील, गावकारी या ग्रामसंस्थेवरचा त्यांचा लेखही त्यात आहे. पेडणे आणि डिचोली हे तालुके नंतर जिंकलेल्या नव्या काबिजादीतले, म्हणून त्या लेखाबाहेर राहिले. खरे तर त्यांच्या पद्धतीला याहून सकस भूमी शोधूनही मिळणार नाही! इथे सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया आणि मोरजीची मोरजाई या देवी सख्ख्या बहिणी मानल्या जातात. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीणही त्यांच्यातलीच. राज्य बदलले, धर्म बदलला, तरी लोकांनी हे नाते सोडले नाही. असा पुरावा कोणत्याही दफ्तरात सापडत नाही.

डिचोलीचे डोंगर खाणींनी पोखरले, पेडण्यातील मोपाच्या पठारावर विमानतळ उभा राहिला. भूमीच बदलत असताना देवराया, वारुळे, जत्रेतले मान आणि स्त्रियांच्या धालो नृत्याची गाणी जाणत्यांना विचारून आत्ताच नोंदवायला हवीत. गोव्यातील महाविद्यालयांनी हे काम याच वर्षी हाती घ्यावे.