गोठ्यातला धडा

आमचा लोहा पूर्वी कंधार तालुक्यात मोडत असे. कंधार म्हटले की कुणाला राष्ट्रकूटांचा किल्ला आठवतो, कुणाला हाजी सय्याह सरवर यांचा दर्गा. शेतकऱ्याला मात्र आधी आठवते ती लाल कंधारी गाय. गडद लाल रंगाची, उन्हात टिकणारी. दूध बेताचेच, पण तिचे गोऱ्हे औताला कणखर. शेजारच्या लातूरची देवणी दुधालाही बरी आणि कामालाही. आमच्याकडे गाय देव्हाऱ्याइतकीच चुलीशी जोडलेली होती.

हिंदू घरातल्या लेकरांना तिची माया शिकवली ती सणांनी. अश्विन वद्य द्वादशीला वसुबारस. 'वसु' म्हणजे धन. त्या दिवशी गाय एकटी पुजत नाहीत, वासरासह पुजतात. व्रत करणाऱ्या बाया दूध-तूप वर्ज्य करतात. दुधावर पहिला हक्क वासराचा, हे पोराला न सांगता कळते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. जू वाहून कढलेला बैलाचा खांदा चोळताना घरातला दाणा कुणाच्या बळावर आला, ते हाताला समजते. नागपूरकडे मुलांचा वेगळा तान्हा पोळा भरतो, लाकडी बैलांचा. तो दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला, असे सांगतात.

छापील धडे नंतर आले. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला. गुरांची चराई बंद करणाऱ्या जंगलखात्याबद्दलचा शेतकऱ्याचा संताप त्यात आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त 'मोरी गाय' हे प्रकरणच आहे. त्याच १९३०च्या दशकात सावरकर गाईला देवता न मानता उपयुक्त पशू म्हणून जपा, असे लिहीत होते. मतभेद मोठा, पण जपण्याबद्दल दुमत नव्हते.

आता थोडे आमच्या लोकांविषयी. लोहा तालुक्यातच माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या जनावरांच्या बाजारात दात बघून, वशिंडावर हात फिरवून सौदा होतो. तिथे जनावराचे वय विचारतात, धन्याची जात नव्हे. बैलाच्या खुराला पत्री ठोकणारा नालबंद बहुधा मुसलमान. पोळ्याला शिंगे रंगवणारे मुसलमान शेतकरीही या भागात आहेत. लाल कंधारी जगली ती अशा अनेक हातांनी.

पुढे १९७६च्या कायद्याने राज्यात गोहत्येवर बंदी आली. २०१५ मध्ये बैल-वळूही त्यात आले. २०२४ मध्ये सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हटले. मान वाढत गेला. मात्र ट्रॅक्टर आला, गायराने आकसली, कडबा महागला आणि दावणी रिकाम्या झाल्या. आज कितीतरी मुलांना गाय ठाऊक असते ती घोषणेतून आणि भिंतीवरच्या चित्रातून. ज्याने कधी वैरण टाकली नाही, शेण उचलले नाही, व्यायलेल्या गाईजवळ रात्र जागवली नाही, त्याला माया कशी कळावी? अशा कोरड्या आदराला मग कुणाचा तरी राग करावासा वाटतो. त्याची झळ आमच्या वस्तीला लागते, तशीच म्हातारा बैल ना विकता येणाऱ्या ना पोसता येणाऱ्या शेतकऱ्यालाही लागते.

गाय शिकवताना कृष्णाची गोष्ट सांगतात, ती पुरी सांगावी. गाई राखणाऱ्या त्या पोरांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या. कुणाची भाकरी कुठली, हे त्या काल्यात निवडता आले नाही. वारकऱ्यांच्या कीर्तन सप्ताहाची सांगता आजही काल्यानेच होते. लेकराच्या हातात आधी पेंढी द्या आणि सोबत काल्याची ही गोष्ट द्या. पूजा त्याला आपोआप येईल.