बाटलीतली गोगलगाय आणि शेजारधर्म

समजा, मैत्रिणीनं तुम्हाला कॅफेत काहीतरी प्यायला घेऊन दिलं आणि त्यानं तुम्ही आजारी पडलात. भरपाई कुणाकडे मागाल? कॅफेकडे? पण तिथे पैसे तुम्ही दिलेच नाहीत. पेय बनवणाऱ्याकडे? त्याच्याशी तर तुमचा व्यवहारच झाला नाही.

२६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधल्या पेझ्लीत मे डोनोह्यू यांच्यासमोर हाच प्रश्न उभा राहिला. ग्लासगोत दुकानात काम करणारी ही बाई. मैत्रिणीनं जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली गडद काचेची, आतलं काही दिसत नव्हतं. थोडी पिऊन झाल्यावर उरलेली ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बाटली भरणाऱ्या डेव्हिड स्टीव्हन्सनवर ५०० पौंडांचा दावा लावला.

आता दाव्याची रीत बघा. नुसती इजा झाली, एवढं पुरत नाही. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: समोरच्यावर तुमची काळजी घ्यायची जबाबदारी होती, त्यानं हलगर्जी केली आणि तुमचं नुकसान त्यामुळेच झालं. स्टीव्हन्सनच्या वकिलांनी पहिल्याच पायरीवर अडवलं. 'हे सगळं खरं धरलं, तरी आमची जबाबदारीच नाही,' हा त्यांचा मुद्दा. त्यात दम होता. जिंजर बिअरमध्ये उंदीर निघाल्याचा असाच दावा स्कॉटलंडच्या कोर्टानं काही आठवड्यांपूर्वीच फेटाळला होता. गंमत म्हणजे दोन्हीकडे दावेदारांचे वकील एकच, वॉल्टर लीचमन!

पहिल्या न्यायाधीशानं डोनोह्यूंची बाजू घेतली, वरच्या कोर्टानं निकाल फिरवला. मग हाउस ऑफ लॉर्ड्स. आपल्याकडे पाच पौंडांचीही मालमत्ता नाही, असं त्यांनी लिहून दिलं, तेव्हा कुठे निर्धन म्हणून तिथे दाद मागायची परवानगी मिळाली.

२६ मे १९३२ ला तीन विरुद्ध दोन मतांनी त्या जिंकल्या. लॉर्ड ॲटकिन यांनी विचारलं: कायद्यानं माझा शेजारी कोण? त्यांचं उत्तर थोडक्यात असं: माझ्या वागण्याची झळ ज्याला थेट लागेल, म्हणून ज्याचा विचार मी आधीच करायला हवा, तो. आपला शेजारधर्मच, पण घराच्या भिंतीपलीकडे नेलेला.

आणि गोगलगाय खरंच होती का? ते कोर्टात कधी तपासलंच गेलं नाही. स्टीव्हन्सन वारले आणि प्रकरण तडजोडीत मिटलं. आजही इजेचे बहुतेक दावे सुनावणीआधीच असे मिटतात.

तुमच्यापैकी कितीतरी जण शिकता शिकता गोदामात किंवा डिलिव्हरीवर काम करता. लागलं-पडलं तर 'माझा करार एजन्सीशी आहे, गोदामवाल्याशी नाही' म्हणून गप्प बसू नका. करार नसला, तरी जबाबदारी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, कामाच्या ठिकाणी लेखी नोंद करा, फोटो काढून ठेवा. आणि ब्रिटनमध्ये असाल तर लक्षात ठेवा, दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. नंतर सगळं खरं असूनही दार बंद होतं.